अंबरमधली नरकमुंगी: जबडा खालून वर चालायचा, हे मेलेल्या मुंगीवरून कसं वाचतात?

षट्पाद

आज जिवंत असलेल्या कोणत्याही मुंगीचा जबडा आडवा चालतो. दोन पाती दोन बाजूंनी येतात आणि मध्ये मिटतात. हायडोमिर्मेसिनी या नामशेष उपकुळातल्या मुंग्यांचं तसं नव्हतं. त्यांची पाती कोयत्यासारखी वर वळलेली असत आणि खालून वर उचलली जात. वर कपाळावर केसांचा झुपका, गाठ किंवा सरळ शिंग. भक्ष्य या दोहोंच्या मध्ये. अडकित्ता उलटा धरलेला डोळ्यांपुढे आणा, म्हणजे हलणारं पातं खाली आणि स्थिर बाजू वर. 'हेल अँट' या नावाला मी इथे नरकमुंगी म्हणतो आहे.

यातली पहिली जात हायडोमिर्मेक्स सर्बेरस. द्लुस्की यांनी १९९६ साली म्यानमारच्या अंबरवरून, म्हणजे झाडाच्या कडक होऊन जीवाश्म झालेल्या राळेवरून, तिचं वर्णन केलं. नावात ग्रीक पाताळ आहे आणि पाताळाच्या दारावरचा कुत्राही.

धागा काढण्याचं कारण असं. 'जबडा वर-खाली हलायचा' हे वाक्य बहुतेक लेखांत डोळ्यांनी पाहिल्यासारखं लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात तो निष्कर्ष आहे, आणि माझ्या मते फार भक्कम निष्कर्ष आहे. तो कशावर उभा आहे हे एकदा नीट मांडावं.

पहिला आधार पात्याचा आकार. साध्या मुंगीचं पातं आडव्या प्रतलात वळलेलं असतं, म्हणून मिटताना टोकं एकमेकांना भेटतात किंवा ओलांडतात. नरकमुंगीची दोन्ही पाती उभ्या प्रतलात वळतात, एकमेकींना जवळपास समांतर राहतात आणि टोकं चेहऱ्याच्या वरच्या भागाकडे जातात. ही पाती आडवी फिरवली तर टोकांमध्ये काहीच सापडणार नाही.

दुसरा आधार सांधा. जबडा डोक्याला दोन ठिकाणी टेकतो. त्या दोन बिंदूंमधून जाणारी रेषा हा फिरण्याचा अक्ष. साध्या मुंगीत तो साधारण उभा असतो, नरकमुंगीत तो आडवा झालेला आहे. शब्दांत हे सोपं वाटतं, पण बाहेरून सांधा क्वचितच स्वच्छ दिसतो. त्याबद्दल क्ष-किरणवाल्यांनी लिहावं.

तिसरा आधार लांब संवेदी केस. जबडा उघडा असताना भक्ष्य जिथे येणार नेमके तिकडे हे केस रोखलेले असतात. आजच्या सापळा-जबड्याच्या मुंग्यांतही अशी केसांची कळ असते. तेवढ्यावरून वेग मात्र ठरवू नये. ओडोंटोमॅकस बाउरी या आजच्या मुंगीचा जबडा सेकंदाला ३५ ते ६४ मीटर वेगाने मिटतो; हे मोजता आलं, कारण ती जिवंत आहे आणि कॅमेऱ्यापुढे ठेवता येते. जीवाश्मातून दिशा निघते, वेग निघत नाही.

चौथा आधार म्हणजे भक्ष्य पकडलेल्या स्थितीतली मुंगी. त्यावर शेवटी येऊ.

भूस्तर

काळाची चौकट आधी घालून देतो.

म्यानमारचा हा अंबर काचिन राज्यातल्या हुकॉन्ग खोऱ्यातला. ज्या थरात तो सापडतो त्यातल्या झिरकॉन स्फटिकांचं युरेनियम-शिसे पद्धतीने काढलेलं वय ९.८८ कोटी वर्षं आहे, अधिक-उणे सुमारे ६ लाख. हे वय थराचं आहे. राळ त्याआधी झाडावरून गळून कडक झालेली असणार, त्यामुळे 'किमान इतकं जुनं' असं वाचावं.

नरकमुंग्या एकट्या म्यानमारच्या नव्हेत. फ्रान्समधल्या शारांतच्या अंबरमध्ये हायडोमिर्मोडिस मॅमुथस आहे, साधारण १० कोटी वर्षांपूर्वीची. कॅनडातल्या अल्बर्टात ग्रासी लेकच्या अंबरमध्ये हायडोटर्मिनस सिपस आहे, सुमारे ७.८ कोटी वर्षांपूर्वीची. आणि २०२५ साली ब्राझीलच्या क्राटो या खडकांच्या थरसमूहातून व्हल्कॅनिड्रिस क्रॅटेन्सिस जाहीर झाली. ती ११.३ कोटी वर्षांपूर्वीची, शिवाय चुनखडकातली. अंबर नसतानाही मायक्रो-सीटीने (क्ष-किरणांनी केलेल्या सूक्ष्म त्रिमितीय स्कॅनने) तिचा जबडा वाचता आला. म्हणजे दोन टोकांमध्ये साडेतीन कोटी वर्षांचं अंतर आहे. इतका काळ टिकलेल्या रचनेला 'निसर्गाचा फसलेला प्रयोग' म्हणणं मला मुळीच पटत नाही.

काचपट्टी

तयारीबद्दल लिहितो, कारण वरचे निम्मे पुरावे चुकीच्या कापणीत कायमचे जातात.

मुंग्यांसाठी नेहमीची सवय म्हणजे चेहरा समोरून दिसेल अशी खिडकी, म्हणजे आत बघायला सपाट गुळगुळीत बाजू, घासायची. नरकमुंगीला ती सवय घातक आहे. पात्याचं वळण उभ्या प्रतलात आहे, म्हणून पहिली खिडकी डोक्याच्या बाजूने हवी. दोन्ही बाजूंनी समांतर खिडक्या मिळाल्या तर उत्तम. समोरची खिडकी तिसऱ्या क्रमांकावर, आणि शिंगाचं टोक पृष्ठभागाजवळ असेल तर तीही नको.

कापण्याआधी तुकडा साखरेच्या दाट पाकात बुडवून सर्व बाजूंनी बघावा व फोटो घ्यावेत. अंबरचा अपवर्तनांक सुमारे १.५४ आहे. दाट पाक त्याच्या बराच जवळ जातो आणि खडबडीत पृष्ठभाग जवळपास नाहीसा होतो. पाक साध्या पाण्याने निघतो. अल्कोहोल, अ‍ॅसिटोन, झायलीन जवळही आणू नये.

मग इपॉक्सी. क्रिटेशस, म्हणजे डायनोसॉरांच्या शेवटच्या कालखंडातला, अंबर ठिसूळ असतो आणि मुंगीच्या दिशेने जाणाऱ्या बारीक भेगा त्यात असतात. एपो-टेक ३०१ सारखी पातळ, रंगहीन, दोन भागांची इपॉक्सी वजनाने २० भागाला ५ भाग अशी मिसळतात. इथे वजनच घ्यावं, आकारमान घेतलं की प्रमाण चुकतं आणि साचा चिकट राहतो. तुकडा कोरडा करून साच्यात ठेवायचा, इपॉक्सी ओतायची, निर्वात पात्रात बुडबुडे थांबेपर्यंत ठेवायचं आणि मग हवा हळूहळू आत सोडायची. हवेच्या दाबाने इपॉक्सी भेगांत शिरते. हवा एकदम सोडली तर तुकडा साच्यात उलटतो. खोलीच्या तापमानाला २४ तास ठेवावं. ६५ अंशांवर तासाभरात काम होतं, पण अंबरला ती ऊब देऊ नये, नव्या भेगा पडतात.

कापायला हिऱ्याच्या कडेचं पातळ चकतीचं पातं, सतत पाणी, आणि मुंगीपासून किमान १ मिलिमीटर अंतर. उरलेलं अंतर ओल्या पॉलिश-कागदाने घासून कमी करायचं: ६००, ८००, १२००, २४००, ४०००. प्रत्येक टप्प्यावर तुकडा ९० अंशांनी फिरवायचा. आधीच्या कागदाच्या रेषा आडव्या दिसतात, त्या पूर्ण गेल्याशिवाय पुढचा कागद घ्यायचा नाही. शेवटी ओल्या कापडावर अ‍ॅल्युमिनाची पूड.

सर्वात जास्त नुकसान ८०० च्या कागदावर होतं. तो अजून वेगाने कापत असतो आणि मुंगी तोपर्यंत जवळ आलेली असते. त्या टप्प्यावर दर पाच-सहा फेऱ्यांनंतर सूक्ष्मदर्शकाखाली बघावं. शृंगिकेचं (डोक्यावरच्या संवेदी मिशीचं) टोक उघडं पडलं तर तिथे पोकळी असते, पाणी आत शिरतं आणि सगळ्या अंगाला काळपट डाग धरतो. तो परत निघत नाही.

वाचनमात्र

काचपट्टी, खोली मोजण्याबद्दल एक प्रश्न. फोकस स्टॅकिंगमध्ये (वेगवेगळ्या खोलीवर घेतलेले फोटो एकत्र जोडताना) वरच्या आणि खालच्या फ्रेममधलं अंतर हीच पात्याची खोली धरायची का?

काचपट्टी

नाही. भिंग हवेत असेल तर सूक्ष्मदर्शकाची स्टेज (तुकडा ठेवायची पाटी) जितकी सरकली त्याला साधारण १.५४ ने गुणा. अंबरच्या आतली वस्तू असते त्यापेक्षा वर आल्यासारखी दिसते. स्टेज १०० मायक्रॉन सरकली तर खरी खोली १५४ मायक्रॉनच्या आसपास. आणि हे फक्त सपाट, दृष्टिरेषेला काटकोनात असलेल्या खिडकीतून. गोलसर मण्यातून घेतलेल्या मापांवर पात्याच्या वळणाचा कोन काढू नये. मण्याच्या आकाराचं वळण पात्याच्या नावावर लागतं.

क्ष-किरण

सांध्याचा मुद्दा माझ्याकडे आला आहे.

प्रयोगशाळेतल्या मायक्रो-सीटीत ५ मिलिमीटरची अख्खी मुंगी २००० पिक्सेलच्या पट्ट्यात बसवली तर एक व्हॉक्सेल (त्रिमितीय चित्राचा सर्वात लहान ठोकळा) २.५ मायक्रॉनचा पडतो. जबड्याचे दोन टेकू वेगळे दिसायला तो मोठा आहे. म्हणून दोन स्कॅन करावेत: एक पूर्ण शरीराचा, दुसरा फक्त डोक्याचा, साधारण १ मायक्रॉनवर. व्होल्टेज कमी, ४० ते ६० किलोव्होल्टच्या पट्ट्यात. अंबर, इपॉक्सी आणि मुंगीचं कवच ही सगळी कार्बनची घरं आहेत, उच्च व्होल्टेजला तिघांत फरकच उरत नाही. तुकडा प्लास्टिकच्या नळीत फोम लावून घट्ट बसवावा, धातूची टाचणी नको. स्कॅन चालू असताना तुकडा केसभर सरकला तरी कडा दुहेरी येतात.

मुंगी आतून पोकळ असेल तर नशीब. हवा आणि कवच यांत फरक स्पष्ट असतो. राळ आत शिरून भरली असेल तर साध्या शोषणावर चित्र निघत नाही, तिथे सिंक्रोट्रॉनची (अतितीव्र क्ष-किरण देणाऱ्या मोठ्या यंत्राची) फेज-कॉन्ट्रास्ट पद्धत लागते. ती कडा उठावदार करते. तिची किंमत अशी की जास्त मात्रेने अंबर गडद पडतो. म्हणून क्रम कायम ठेवावा: आधी प्रकाशचित्रं, मग स्कॅन.

अक्ष काढताना एक चूक वारंवार होते. डाव्या जबड्याचे दोन टेकू खुणावून रेषा काढतात आणि उजवा तसाच असणार असं धरतात. म्यानमारचा अंबर गाडला गेल्यावर उष्णतेने आणि दाबाने दबलेला आहे. डोकं एका बाजूने चेपलेलं असेल तर अक्ष १०–१५ अंश सहज फिरतो. दोन्ही बाजू स्वतंत्र मोजा. मग डोक्याच्या मध्यप्रतलाशी दोन्हींचे कोन ताडून बघा. ते जुळले नाहीत तर आधी चेप दुरुस्त करायचा, शरीररचनेबद्दल त्यानंतरच बोलायचं.

षट्पाद

फारच उपयुक्त. यात राळेने केलेल्या फसवणुकींची भर घालतो, कारण वाचणारा बहुतेक वेळा इथे घसरतो.

चंदेरी चकाकी हा मुंगीचा रंग नाही. कवच आणि अंबर यांच्यात हवेचा पातळ पापुद्रा राहतो, तो आरशासारखा दिसतो. फुगलेलं उदर म्हणजे भरलेलं पोट असेलच असं नाही, कुजताना वायू साठतो. बाल्टिक अंबरमधल्या कीटकांवर एका बाजूने दुधाळ साय असते. ते बारीक बुडबुडे आहेत, बुरशी नव्हे. आणि जबडा सताड उघडा असणं म्हणजे हल्ल्याचा पवित्रा असं मानू नये. मरताना स्नायू सैल पडूनही जबडा उघडतो.

दुसरं, ती मुंगीच आहे ना हे आधी ठरवा. बिनपंखी गांधीलमाशा हुबेहूब मुंगीसारख्या दिसतात. वक्षाच्या मागच्या कोपऱ्यात मेटाप्ल्युरल ग्रंथीचं (फक्त मुंग्यांत असणाऱ्या ग्रंथीचं) छिद्र शोधा आणि उदराआधीचा देठासारखा आखूड खंड बघा. कोपरासारखी वाकलेली शृंगिका ही आजच्या मुंग्यांची खूण क्रिटेशसमध्ये पूर्ण भरवशाची नाही. न्यू जर्सीतल्या क्लिफवूडच्या अंबरमधून १९६६ साली सापडलेल्या आणि १९६७ साली विल्सन, कार्पेंटर आणि ब्राऊन यांनी वर्णन केलेल्या स्फेकोमिर्मा फ्रेयीत शृंगिकेचा पहिला खंड आखूड आहे, जबड्याला दोनच दात आहेत, दोन्ही लक्षणं गांधीलमाशीच्या वळणाची. मुंगीपण ठरवताना तिच्या ग्रंथीचं आणि देठाचं वजन जास्त पडलं.

वाचनमात्र

लिंग्वामिर्मेक्स व्लादीच्या शिंगात धातू होता असं वाचलं. ते सीटीवरून ठरतं का? पायराइट हे लोह-गंधकाचं खनिजही सीटीत तसंच पांढरं चमकतं.

क्ष-किरण

शंका योग्य जागी आहे. ही जात २०१७ साली बार्डन आणि सहकाऱ्यांनी मांडली. शिंग वल्ह्यासारखं पुढे आलेलं, आणि क्ष-किरण चित्रणात ते आजूबाजूच्या कवचापेक्षा दाट दिसलं. त्यावरून धातूने बळकटी दिल्याचा अर्थ लावला गेला. जिवंत कीटकांत हे नवं नाही, कित्येकांच्या जबड्याच्या धारेत जस्त किंवा मँगेनीज असतं.

पायराइट आणि कवचातला धातू वेगळे करायला मी जागा बघतो. पायराइट पोकळीत आणि भेगांत वाढतो. त्याची कड दाणेदार असते आणि तो शरीररचनेची सीमा पाळत नाही, कवचातून अंबरमध्येही घुसतो. कवचातला धातू कवचाच्या जाडीतच राहतो, अवयवाच्या ठरावीक भागात असतो आणि तिथे संपतो. याशिवाय जाड भागाच्या मध्याला खोटी सावली पडते, ती क्ष-किरणांच्या वर्णपटातल्या बदलामुळे. ती ओळखायला तुकडा वेगळ्या कोनात बसवून पुन्हा स्कॅन करावा. सावली जागा बदलते, धातू बदलत नाही.

भूस्तर

मला यात थोडं वेगळं म्हणायचं आहे. जागा बघणं आवश्यक आहे, पण पुरेसं नाही. गाडलेल्या काळात भूजलातलं लोह कवचाला धरून बसू शकतं आणि तेही कवचाच्या जाडीतच राहतं. शिंग दाट आणि त्याच मुंगीचं बाकीचं कवच, पाय, उदर विरळ, अशी तुलना एकाच तुकड्यात दाखवली तरच मी ते मान्य करेन.

क्ष-किरण

मान्य. एकाच स्कॅनमधल्या पायाच्या कवचाशी तुलना हाच योग्य मापदंड. वेगळ्या तुकड्यांतले करडे अंक एकमेकांशी ताडू नयेत, ते प्रत्येक स्कॅनला बदलतात.

कीटकपेटी

अंबर अस्सल आहे का हे तपासायच्या घरगुती पद्धतींबद्दल दोन शब्द. तुकड्यात मुंगी आहे म्हटल्यावर हा प्रश्न येतोच.

१०० मिलिलिटर पाण्यात २० ग्रॅम मीठ घातलं की घनता १.१२ च्या आसपास जाते. अंबर १.०५ ते १.१० चा, तो तरंगतो. काच आणि बेकेलाइट बुडतात. पण पॉलिस्टायरीन आणि कोपलही तरंगतात, म्हणजे ही चाचणी फक्त बाद करायला चालते, पास करायला नाही. कोपल म्हणजे तरुण, पुरती न मुरलेली राळ. मुंगीपासून दूरच्या कडेवर अ‍ॅसिटोनचा एक थेंब अर्धा मिनिट ठेवला तर कोपल चिकट होतो. इपॉक्सी चढवलेल्या तुकड्यावर हे काही करू नये. घासून गवताची काडी उचलणं, ज्यावरून तृणमणी हे नाव पडलं, ते प्लास्टिकही करतं.

दोन अर्ध्या तुकड्यांत आजची मुंगी दाबून चिकटवलेली असेल तर ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात सांध्याची रेषा वेगळ्या रंगात उठते. अस्सल तुकड्यात राळेच्या प्रवाहरेषा मुंगीला वळसा घालतात. बनावटात त्या तुटतात. खात्री हवी असेल तर अवरक्त वर्णपट काढावा.

भूस्तर

अस्सल निघालं तरी एक प्रश्न उरतो, आणि तो माझ्या दृष्टीने तितकाच शास्त्रीय आहे. हुकॉन्ग खोऱ्यातल्या खाणी सशस्त्र संघर्षाच्या प्रदेशात आहेत आणि २०१७ साली त्या लष्कराच्या ताब्यात गेल्या. २०२० साली सोसायटी ऑफ व्हर्टिब्रेट पॅलिऑन्टॉलॉजीने त्यानंतर बाहेर पडलेल्या तुकड्यांवरचं संशोधन छापू नये असं आवाहन केलं. तुकडा कधी आणि कोणत्या वाटेने बाहेर आला याची नोंद नसेल तर त्यावर नवी जात उभी करू नये. प्राणिनामांच्या संहितेनुसार १९९९ नंतरच्या नव्या जातीसाठी होलोटाइप (ज्यावर जातीचं नाव टिकून असतं तो नमुना) नेमकेपणाने ठरवावा लागतो आणि तो ठेवायच्या संग्रहाचं नाव-ठिकाण द्यावं लागतं. तो संग्रह सार्वजनिक असावा, नाहीतर वर क्ष-किरण म्हणतात ती दुसऱ्या कोनातली तपासणी दुसऱ्या कोणाला करताच येणार नाही.

वाचनमात्र

षट्पाद, चौथा पुरावा राहिला. भक्ष्य योगायोगाने तिथे वाहत आलं असेल, अशी शक्यता कशी बाद होते?

षट्पाद

हा तुकडा बार्डन, पेरिशो आणि वांग यांनी २०२० साली प्रसिद्ध केला. सेराटोमिर्मेक्स एलेनबर्गेरीची कामकरी मुंगी, आणि तिच्या पकडीत कॅपुटोरॅप्टर एलेगन्स या झुरळांच्या नामशेष नातलगाचं पिल्लू. या मुंगीचं शिंग शृंगिकांच्या मधून निघून डोक्याच्या वर उंच जातं.

राळेचा प्रवाह दोन प्राण्यांना एकमेकांवर ढकलू शकतो, हे खरं. तसे तुकडे भरपूर आहेत. त्यांत पाय अडकतात, पंख दुमडतात, शरीरं एकाच दिशेला पसरतात. इथे संपर्क नेमक्या दोन ठिकाणी आहे: पाती एका बाजूने, शिंग विरुद्ध बाजूने, आणि मध्ये पिल्लाची मान. सापळा ज्या अवयवांचा आहे असं १९९६ पासूनच्या रिकाम्या जबड्यांवरून वाटत होतं, तेच दोन अवयव इथे भरलेले आहेत. प्रवाहाने हे घडायचं तर पिल्लाची मान उघड्या जबड्याच्या अरुंद फटीत बरोबर शिरायला हवी आणि नंतर जबडा मिटायलाही हवा. मिटवायला स्नायू लागतो. मरताना स्नायू सैल पडतो हे मी वर म्हटलंच आहे, म्हणून मिटलेली पकड माझ्या लेखी उघड्या जबड्यापेक्षा कितीतरी जास्त बोलते.

याच कामातला दुसरा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. नरकमुंग्यांत शिंगाचा आकार आणि जबड्याचा आकार जोडीने बदलतात. शिंग लांब झालं की पातीही त्या मापाने वाढतात. आजच्या मुंग्यांत जबडा जबड्यावर मिटतो, त्यामुळे कपाळाला त्यात भाग घ्यावा लागत नाही. अडकित्त्याच्या दोन बाजू मात्र एकमेकींना जुळाव्याच लागतात. कोणाला स्वतःच्या स्कॅनवर हे तपासायचं असेल तर तीन मापं घ्या: पात्याची सरळ लांबी, शिंगाची लांबी, आणि सांध्याच्या अक्षापासून शिंगाच्या टोकापर्यंतचं अंतर. तिन्ही डोक्याच्या लांबीने भागा, म्हणजे लहान-मोठ्या मुंग्या एका तक्त्यात बसतील. चेपलेली डोकी आधी बाजूला काढा.

क्ष-किरण

अक्षापासूनचं अंतर दोन्ही बाजूंनी घेऊन दोन्ही आकडे तक्त्यात ठेवा, सरासरी काढून एकच ठेवू नका. चेप किती आहे हे त्या दोन आकड्यांतल्या फरकावरूनच कळतं.

काचपट्टी

आणि स्कॅन झाल्यावर तुकडा हवाबंद डबीत, अंधारात, १८ ते २० अंशांवर, ५० टक्क्यांच्या आसपास आर्द्रतेत. अंबरची उघडी बाजू प्रकाशात आणि हवेत तांबूस होत जाते, मग तिच्यावर बारीक जाळी पडते. नेमकी बाजूची खिडकी पुन्हा घासावी लागली तर काढायला १ मिलिमीटरही उरलेला नसतो.